जानेवारीत बर्फ बघायला नागपूरहून: कुठं जावं आणि मजा खरंच येते का?

संत्राबर्फी

मंडळी, जानेवारीच्या शेवटी आठवडाभराची सुट्टी जुळून आली आहे. लेक दुसरीत आहे, तिला बर्फ बघायचा आहे. आईलाही बघायचा आहे, पण ती तसं म्हणत नाही. "तुम्ही जा, मी घर सांभाळते" म्हणते आणि टीव्हीवर सिमला दिसलं की आवाज वाढवते.

अडचण अशी की जे जे जाऊन आले त्यांचं ऐकून उत्साहच जातो. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांचा मनालीतला अख्खा दिवस टॅक्सीत गेला. भाड्याचे दमट कोट घातले, कुणीतरी ट्यूबवर बसवून थोडंसं ढकललं आणि भरपूर पैसे घेतले. बर्फ कसा होता विचारलं तर म्हणाले, "चिखल होता." फोटो मात्र झकास आलेत.

ठिकाणांची यादी नको, ती कुठंही मिळते. ज्यांना बर्फात मनापासून आनंद झाला त्यांनी सांगा, तो कशानं झाला?

तर्रीपोहा

काहून ताई पैसे घालवून राहिल्या? मे महिन्यात डीप फ्रीजरचं झाकण उघडून तोंड आत घाला. तो आनंद कोणत्याच गुलमर्गात नाही. जानेवारीत तर इथंच रजाईतून पाय बाहेर काढवत नाही, अन तुम्ही अजून थंडीकडे जाऊन राहिल्या!

हिंगणा_टी_पॉइंट

तर्रीभाऊ, तुम्ही झोपा. ताई, तुमच्या शेजाऱ्यांसोबत जे झालं ते बहुतेकांसोबत होतं. लोक बर्फाचा पाठलाग करतात. हॉटेल खाली, बर्फ वर, मधे टॅक्सींची रांग. वर पोचेपर्यंत दुपार होते, हजारो पायांनी तुडवून बर्फाचा राडा झालेला असतो, आणि ड्रायव्हर म्हणतो एका तासात या.

उलटं करायचं. जिथं बर्फ दारात पडण्याची शक्यता आहे तिथंच मुक्काम टाकायचा आणि वाट बघायची. तीन ठिकाणं बघायच्याऐवजी एकाच ठिकाणी तीन रात्री.

काश्मीरला जायचं तर श्रीनगरऐवजी गुलमर्गमध्येच राहा. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर आहे, गुलमर्ग २,६५० च्या आसपास; एवढ्या फरकानं खाली पाऊस आणि वर बर्फ असं होतं. जास्त बर्फ पडला की तुमची गाडी तनमर्गलाच थांबवतात आणि पुढे चाकांना साखळ्या लावलेल्या फोर बाय फोरनं नेतात, त्याचे पैसे वेगळे. प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड न्या. मनालीकडे म्हणाल तर अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही बोगद्यापलीकडच्या लाहौल खोऱ्यात सिस्सू गावापर्यंत जाता येतं, पण ऐन सुट्ट्यांत तिथं जी गर्दी होते ती बघून बर्डीच्या बाजारातली दिवाळी बरी वाटेल. शिवाय जानेवारीच्या उत्तरार्धात लाहौलमधल्या काही गावांत देवकार्य असतं आणि त्या काळात ते पर्यटन बंद ठेवतात. विचारून जा.

पारा_उतरला

तारीख कुठली धरावी यावर माझे दोन शब्द. हवामानाचे नकाशे बघणं हा माझा रिकामपणचा उद्योग आहे.

हिमालयातला हिवाळी बर्फ पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. हे भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडत आपल्याकडे येतात. झंझावात आला की दोन-तीन दिवस बर्फ, गेला की कडक ऊन. त्यांच्यात खंड पडला की महिना महिना कोरडा जातो. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गच्या उतारांवर गवत दिसत होतं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत पुरेसा बर्फ नाही म्हणून तिथले खेलो इंडिया हिवाळी खेळ पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले. त्यामुळे "नाताळात जातो, बर्फ असेलच" या हिशेबात अर्थ नाही. जानेवारीचा शेवट त्यातल्या त्यात चांगला. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलां म्हणतात, सगळ्यात कडक थंडीचा काळ तो. तुमची सुट्टी त्याच्या शेपटाला येते.

यात नागपूरचाही संबंध आहे बरं. झंझावात पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे गार वारे मध्य भारतात उतरतात. तिकडे बर्फ पडून आकाश निवळलं की एक-दोन दिवसांत आपला पारा घसरतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले होते. त्या सकाळी मी फुटाळा तलावावर होतो, चहावाल्यानं स्वतःसाठीच चहा ठेवला होता.

आणि एक. बर्फ प्रत्यक्ष पडत असतो तेव्हा थंडी मानानं कमी असते, ढगांचं पांघरूण असतं. खरी थंडी ढग गेल्यावर पहिल्या रात्री. आईंना बाहेर न्यायचं असेल तर पडत्या बर्फात न्या, दुसऱ्या दिवशीच्या पहाटे नको.

मिनेसोटाची_सून

मी धरमपेठेत वाढले, आता मिनिॲपोलिसला असते. इथं बर्फ बघायला जावं लागत नाही, तो घरी येतो आणि चार-पाच महिने मुक्काम करतो. पहिल्या हिवाळ्यात मी खिडकीशी बसून रडले होते. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो हो! आपल्याकडे तेव्हा पोरं खेळायला बाहेर पडतात.

तुमचा प्रश्न आवडला, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे कोरडं राहणं. थंडीनं माणूस तेवढा कंटाळत नाही जेवढा ओल्या मोज्यांनी कंटाळतो. सुती कपडा आत नको, तो घाम धरून ठेवतो आणि मग गार पडतो. आत थर्मल, मधे लोकर, वर वारा आणि पाणी अडवणारं काहीतरी. जीन्स तर अजिबात नको. लेकीला हातमोज्यांचे दोन-तीन जोड द्या, कारण पहिला जोड दहा मिनिटांत भिजणारच. बूट भाड्याचे घेऊ नका, त्यात कालच्या पाहुण्याचा बर्फ वितळलेला असतो.

दुसरं म्हणजे सगळा बर्फ सारखा नसतो, आणि हे कळलं की खेळ बदलतो. शून्याच्या आसपास पडतो तो ओलसर, त्याचे गोळे होतात, बाहुला होतो. उणे दहा-पंधराला पडतो तो भुरभुरीत, मुठीत दाबला तरी सुटून जातो. त्याचा बाहुला करायला गेलात तर लेक रडेल. त्यात फक्त लोळायचं. उताणं पडून हातपाय हलवले की पऱ्यांचे पंख उमटतात. कडक थंडीतल्या बर्फावर चालताना पायाखाली कचकच आवाज येतो, माझ्या मुलाला तो इतका आवडतो की शाळेत जाताना तो मुद्दाम फुटपाथची कड धरतो.

तिसरं, हातात काम हवं. नुसतं बघत उभं राहिलं की थंडी वाजते. आमच्याकडे रात्री बर्फ पडला की सकाळी सगळी गल्ली फावडी घेऊन बाहेर. एरवी ज्यांची नावं माहीत नसतात ते लोक एकमेकांच्या दारातलं साफ करून देतात. मी माझ्या आळीतल्या निम्म्या लोकांना फावडं हातात असतानाच भेटले आहे. तळी गोठली की त्यावर चालायला जातो. स्वच्छ नवा बर्फ चार इंच तरी जाड असावा असा इथला नियम आहे, आणि तो मी कधीच मोडत नाही.

आणि गोळा! ताजा बर्फ पडायला लागला की तासाभरानं स्वच्छ ताट बाहेर ठेवायचं. भरलं की वर रूह अफजा. इथल्या पोरांना हे माहीत नव्हतं, आता शेजारची पोरं ताट घेऊन येतात. जमिनीवरचा मात्र खाऊ देऊ नका, तिथं कुत्रीही फिरतात.

तर्रीपोहा

रूह अफजा! आता मले पण जावंसं वाटून राहिलं.

कामठीचा_फौजी

वाचतो आहे. सगळ्यांनी छान लिहिलंय. माझी बर्फाशी ओळख नोकरीतली, त्यामुळे माझं बोलणं थोडं रुक्ष वाटेल.

खोली बंद करून आत कोळशाची शेगडी पेटवून झोपायचं नाही. दर हिवाळ्यात पहाडात यानं माणसं जातात, आणि जाताना त्यांना कळतही नाही. हॉटेलवाला कितीही प्रेमानं देऊ दे. खोली गरम करा, मग शेगडी बाहेर.

दारूनं ऊब येत नाही. कातडीकडे रक्त धावतं म्हणून तसं वाटतं, आतली उष्णता उलट लवकर निघून जाते.

बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळू नका, बर्फानं तर मुळीच नाही. काखेत धरा, मग कोमट पाणी.

ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा ८०-९० टक्के भाग परत फेकतो. चांगला गॉगल सगळ्यांना, लहान मुलीलाही. क्रीम हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांनाही लावायचं, कारण ऊन खालून येतं.

मोबाइल आतल्या खिशात, अंगाला लागून. थंडीत बॅटरी एकदम मान टाकते.

गाडीरस्त्यावर जिथं काळं चमकदार दिसतं तिथं पाय टाकू नका, तो गोठलेला पातळ बर्फ असतो. पांढऱ्यावर माणूस बसतो, काळ्यावर आपटतो. आईसाहेबांच्या हातात काठी द्या, खाली टोक असलेली.

दोरी लावून बंद केलेल्या उतारापलीकडे कुणी जात असेल तर तो शूर नाही.

संत्राबर्फी

काका, शेगडीचं लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्या डोक्यातही आलं नसतं.

मिनेसोटाताई, तुमची गोळ्याची गोष्ट लेकीला वाचून दाखवली. आता तिच्या बॅगेत स्वेटरच्या आधी ताट आलं आहे.

प्रश्न आईचा उरतो. गुडघे दुखतात, ती फार चालणार नाही. तिनं खोलीत बसून काय करायचं? आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला जे झालं त्यानंतर ती काश्मीरचं नाव काढू देत नाही. तिच्याशी वाद घालायची माझी इच्छा नाही.

अंबाझरीची_आजी

संत्राबर्फी बेटा, खोलीत बसून काय करायचं म्हणून विचारतेस! मी निवृत्त शिक्षिका, माझेही गुडघे तसलेच. सिमल्यापलीकडे मुलगा-सून-नातवंडं बाहेर लोळत होती तेव्हा मी खिडकीजवळ खुर्ची ओढून बसले होते, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त मीच पाहिलं.

बर्फ सुरू झाला की आधी आवाज जातो. ताज्या बर्फात हवेच्या इतक्या फटी असतात की तो आवाज शोषून घेतो. गाड्या, कुत्री, माणसं, सगळं लांब गेल्यासारखं होतं. मी आधी समजले की कानातलं यंत्र बिघडलं. मग सुनेनं हाक मारली तेव्हा नीट ऐकू आली.

नातीसाठी एक उद्योग सांगते. काळ्या लोकरीचा तुकडा आणि साधं भिंग घेऊन जा. लोकर आधी थोडा वेळ बाहेर ठेवून गार होऊ द्यायची, मग पडत्या बर्फात धरायची. एकेक पाकळी वेगळी दिसते, सहा बाजूंची. श्वास त्यावर पडू द्यायचा नाही, नाहीतर गेलीच. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला विल्सन बेंटली नावाचा शेतकरी हेच करत बसायचा. १८८५ मध्ये त्यानं कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून आपला हिमकणाचा पहिला फोटो घेतला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांवर घेतले. जपानमध्ये उकिचिरो नाकाया यांनी तर १९३६ मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमकण वाढवून दाखवला. त्यांच्या कामातून कळलं की आकार तापमानावर आणि दमटपणावर ठरतो. उणे पाचच्या आसपास सुया आणि कांड्या, उणे पंधराला त्या चित्रातल्या फांदीदार चांदण्या. म्हणजे भिंगाखाली सुया दिसल्या तर वर ढगात थंडी किती होती ते मुलीला सांगता येईल. शाळेत मी हे फळ्यावर काढून शिकवलं, प्रत्यक्ष पाहिलं निवृत्तीनंतर.

तुझ्या आईला दक्षिणेकडे खिडकी असलेली खोली घेऊन दे. ऊन येतं. आणि विणकाम असेल तर सुया सोबत दे.

काटोलचा_बागवाला

नमस्कार. माझ्या संत्र्याच्या बागा आहेत. मले आधी या धाग्याचं हसूच आलं. आमच्याकडे आभाळातून पांढरं पडते म्हणजे गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्यानं विदर्भात गारा पाहिल्या त्याले पांढऱ्या जमिनीचं कौतुक राहत नाही. पोरं ओंजळी भरून वेचत होते, अन मी झाडाखाली पडलेली मृग बहाराची संत्री पाहत होतो.

मागं फळबागवाल्यांच्या अभ्यास दौऱ्यावर हिमाचलात गेलो. नारकंड्याच्या पुढे ठाणेदार-कोटगड म्हणून गावं आहेत. १९१६ मध्ये सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसानं तिथं अमेरिकेची सफरचंदाची रोपं लावली, पुढे तो सत्यानंद झाला, स्वातंत्र्याच्या चळवळीत जेलात गेला. आज तो सगळा पट्टा सफरचंदावर जगते. एका बागवाल्याच्या घरीच उतरलो होतो.

रात्री बर्फ सुरू झाला. मी गोधडीत शिरलो, अन घरमालक उठून बाहेर! बायकोले उठवलं, खालच्या बागेतल्या भावाले फोन लावला, अर्ध्या रात्री चुलीवर चहा ठेवला. मृगाचा पहिला पाऊस पडला की आपल्या गावात जसं होते तसंच. मी विचारलं काय झालं, तर म्हणे झाडाले झोप लागली.

मग सकाळी समजावून सांगितलं. सफरचंदाच्या जुन्या जातींले हिवाळ्यात सात अंशांखालचे हजारावर तास लागते. ते भरले नाही तर वसंतात फूल नीट येत नाही. वरून बर्फ हळूहळू वितळते, पाणी वाहून न जाता मुरते. पाऊस धो धो येऊन जाते, बर्फ थांबून पाणी देते. अन गंमत अशी की गारांले तोही माझ्यासारखाच भिऊन राहिला होता. फुलोऱ्याच्या वेळी बागेवर जाळी टाकते अन बर्फाआधी काढून ठेवते, नाहीतर बर्फाच्या ओझ्यानं जाळी फाटते अन फांद्या मोडते.

सकाळी आम्ही लांब बांबू घेऊन फांद्यांवरचा बर्फ झटकत फिरलो. सगळा अंगावर येते. पन्नाशीचे माणसं आम्ही, हसून हसून बेजार. तुमचं ते ट्यूब-बिब काही नव्हतं तिथं.

संत्राबर्फीताई, जिथं लोक बर्फाची वाट पाहते तिथं जा. जिथं फक्त पर्यटकाची वाट पाहते तिथं नका जाऊ.

मिनेसोटाची_सून

भाऊ, झाडाला झोप लागली हे मी आता माझ्या नवऱ्याला सांगणार आहे. तो एप्रिलपर्यंत असाच असतो.

हिंगणा_टी_पॉइंट

बागवाले भाऊंनी फारच छान लिहिलं, पण एक खोडा घालतो. बर्फ पडला की सिमला-नारकंडा रस्ता बंद होतो, कधी कधी दोन दिवस. वाहनं खालून बसंतपूरमार्गे वळवतात, तो फेरा लांबचा. दिल्लीहून परतीचं आरक्षण असेल तर मधे एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. सात-आठ वर्षांची मुलगी आणि आजारी गुडघे घेऊन रात्री घाटात अडकणं यात कसलाही आनंद नाही, कुणी काहीही लिहो.

काटोलचा_बागवाला

बरोबर बोलून राहिले. आमचा दौरा मोठ्या गाडीचा होता अन सगळे बाप्ये. कुटुंब घेऊन जायचं तर दिवस मोकळा पाहिजेच. शक्य असलं तर सिमल्यात एक रात्र थांबून सकाळी रस्ता विचारून निघायचं.

संत्राबर्फी

ठरत आलंय असं दिसतंय. दिल्ली, मग कालका, तिथून छोट्या गाडीनं सिमला. ती रेल्वे १९०३ ची आणि युनेस्कोच्या यादीतली, ९६ किलोमीटरला पाच तासांवर घेते, पण आईला गाडीत बसायचंच असतं, उतरायचं नसतं. सिमल्यात एक रात्र. मग बागवाल्या गावात चार रात्री, एकाच घरात. परतीला एक दिवस मोकळा. काश्मीर रद्द, मनाली रद्द, सिमल्याजवळच्या कुफ्रीचे घोडे रद्द.

दोन शंका. गरम कपडे इथून घ्यावेत की तिकडं? आणि एवढं करून बर्फ पडलाच नाही तर?

अंबाझरीची_आजी

कपडे इथून. तिबेटी लोकांचं स्वेटर मार्केट दर हिवाळ्यात लागतंच की. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत आहे, १९७० च्या दशकापासून. आईसाठी लोकरीचे मोजे घे, गुडघ्यापर्यंतचे. बूट मात्र एक नंबर मोठे घ्यायचे, जाड मोजा आत मावला पाहिजे. घट्ट बुटात पाय जास्त गारठतात.

कामठीचा_फौजी

आणि बूट आत्ता घेऊन रोज घरात घाला. नवे बूट पहाडात घालायचे नसतात.

पारा_उतरला

दुसऱ्या शंकेचं उत्तर माझ्याकडे. जाण्याच्या आठवडाभर आधी हवामान खात्याचा सिमल्याचा अंदाज बघायला लागा. झंझावात चार-पाच दिवस आधी दिसतो. पण नाही पडला तरी जुना बर्फ शोधता येतो. दक्षिणेकडच्या उतारावर दिवसभर ऊन, तिथला आठवड्यात जातो. उत्तरेकडच्या उतारावर, त्यातही दाट झाडीखाली, तो आठवडे टिकतो. नारकंड्याहून हाटू शिखराकडे जी वाट जाते ती ३,४०० मीटरपर्यंत चढते, हिवाळ्यात बहुधा गाड्यांना बंद असते. वर जायची गरज नाही. वाटेच्या सुरुवातीलाच जंगलात, सावलीच्या बाजूला, लेकीच्या पोटऱ्या बुडतील एवढा मिळण्याची शक्यता चांगली आहे. सकाळी त्यावर कडक पापुद्रा असतो, हलक्या वजनाचं पोर त्यावरून चालतं आणि बाप फसतो. मुलांना हे फार आवडतं.

तर्रीपोहा

ताई, येताना माझ्यासाठी ताजे सफरचंद आणजो. झाडावरून तोडलेले पाहिजे.

काटोलचा_बागवाला

जानेवारीत झाडाले पानसुद्धा राहत नाही भाऊ. तिकडे मिळते ते कोल्ड स्टोरेजचं, अन तेच आपल्या कळमन्याच्या बाजारात येते. ताई, तुम्ही उलट इथून संत्र्याची पेटी घेऊन जा. घरमालकाले द्या, अन गारांच्या जाळीचा खर्च यंदा किती आला ते माझ्यासाठी विचारून या.